ओळखीच्या माळावरचा नवा पक्षी

ढोकरीकडे कोणी दुर्बीण रोखत नाही. पुण्यातला कुठलाही नाला, तळं किंवा नदीचा काठ घ्या. मान आखडून, चिखलाच्या रंगात मिसळून बसलेली ढोकरी तिथे असतेच. पक्षी पाहायला निघालेला माणूस तिला ओलांडून पुढे जातो आणि परतताना, यादी पुरी करायची म्हणून तिचं नाव वहीत टाकतो. हीच ढोकरी १८३२ साली ‘नवी जात’ होती. मुंबई इलाख्याच्या सैन्यातले अधिकारी विल्यम हेन्री साईक्स यांनी त्या वर्षी दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या झुऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडली आणि ढोकरीचं शास्त्रीय वर्णन त्यात पहिल्यांदा झालं. माळावर टोळीने कलकलाट करत फिरणारा मोठा करडा सातभाई, दगडधोंड्यांत दडून राहणारा आणि पायाखाली आल्यावरच भुर्रकन उठणारा छोटा लावा, डोक्यावर तुरा असलेला एक तांबूस चंडोल, हे सगळे त्याच यादीतून शास्त्राच्या दफ्तरी दाखल झाले. तो चंडोल आजही साईक्सच्याच नावाने ओळखला जातो. हे पक्षी शोधायला साईक्स कुठल्या दुर्गम अरण्यात गेले नव्हते. सरकारसाठी गावं, माणसं, पिकं, जमिनी यांची माहिती गोळा करत ते दख्खनभर फिरत होते, आणि वाटेत जे उडताना, चरताना दिसलं ते नीट पाहून लिहून ठेवत होते. इथल्या शेतकऱ्याला, पारध्याला, मेंढपाळाला ते पक्षी आधीपासून माहीत होतेच. लिहिलं कोणी नव्हतं.

शास्त्राला नवा असा पक्षी सापडणं ही आता पिढीतून एखाद्याच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यात आजवर कोणी न नोंदवलेला पक्षी दिसणं मात्र अजून घडतं. आणि स्वतःला नवा, म्हणजे बर्डर मंडळी ज्याला ‘लायफर’ म्हणतात तो, नवख्याला तर दर फेरीत दिसतो. पहिल्या वर्षी याद्या भराभर वाढतात. मग एक दिवस असा येतो की घराजवळच्या तळ्यावर सगळे ओळखीचेच दिसायला लागतात. तिथे अनेकांचा रस आटतो, किंवा त्यांचं फिरणं लांब लांब होत जातं. अमुक ठिकाणी तमुक पक्षी आला आहे असा निरोप आला की रातोरात गाडी काढायची, तो पाहायचा, फोटो घ्यायचा आणि परतायचं. त्यातही आनंद आहे, आणि तो मी नाकारत नाही. पण या छंदाचं खरं दार त्या आटलेल्या टप्प्याच्या पलीकडे उघडतं, असं माझं ठाम मत आहे, आणि हे पुस्तक त्याच मतातून लिहिलं गेलं आहे.

या पुस्तकातल्या नोंदी पुण्याच्या आसपासच्या आहेत. सकाळी अंधारात निघून दुपारच्या जेवणाला घरी परतता येईल, अशाच बहुतेक जागा मी धरल्या आहेत. वेताळ टेकडी, पाषाण तलाव, मुळा-मुठेवरचं कवडीपाट, सिंहगडाच्या पायथ्याची दरी, सासवडपासून सुप्यापर्यंतचे माळ. आणि थोडं लांब जाऊन, उजनीच्या फुगवट्यावरचं भिगवण. यांतली एकही जागा अनोखी नाही. पुण्यातल्या पक्षिमित्रांना त्या पाठ आहेत. मला मांडायचं आहे ते एकाच जागी वर्षानुवर्षं जात राहिल्याने काय दिसायला लागतं, ते.

कवडीचंच घेऊ. सोलापूर रस्त्याने हडपसर ओलांडून लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे वळलं की नदीवर जुना बंधारा लागतो. शहराचं सगळं सांडपाणी पोटात घेऊन आलेली नदी इथे पसरते. फेसाचे पुंजके तरंगत असतात, काठाच्या बाभळींना पुरात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या लोंबतात, आणि वास असा की नव्याने आलेला माणूस नाकाला रुमाल लावतो. त्याच पाण्यावर हिवाळ्यात चक्रवाकांच्या जोड्या उतरतात. लडाख, तिबेट, मध्य आशियातल्या उंच सरोवरांकाठी वीण करणारा हा नारिंगी पक्षी पुण्याच्या गटारगंगेत येऊन राहतो, याचं मला पहिल्यांदा वाईट वाटलं होतं आणि आजही वाटतं. थापटे असतात, शेपटीची लांब टोकं उंचावून पोहणारी तलवार बदकं असतात, शेकाट्यांचे थवे तर बारमाही. मैल्याने माजलेल्या पाण्यात किड्यांच्या अळ्या अमाप होतात आणि त्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांची काही काळ चंगळ होते. कवडीला पक्षी पुष्कळ आहेत म्हणजे नदी ठीक आहे, असं म्हणणारे भेटतात. पक्षी पुष्कळ आहेत. कोणते आहेत, ते पाहायला हवं. स्वच्छ वाहतं पाणी आणि त्यातले मासे ज्यांना लागतात ते किती दिसतात, आणि गाळात चोच खुपसून जगणारे किती, हा हिशेब एका सकाळी होत नाही. तो करायला अनेक हिवाळे जावे लागतात.

कवडीला नवा पक्षी कसा सापडतो, ते धोब्यांवरून सांगतो. काळापांढरा, भुवई ठसठशीत असलेला मोठा धोबी इथलाच, वर्षभराचा रहिवासी. बाकीचे पाहुणे. त्यांत पहिला येतो करडा धोबी. पावसाळा सरता सरता, सप्टेंबरात, नाल्यातल्या एखाद्या दगडावर शेपटी खालीवर नाचवत तो उभा दिसतो आणि हिमालयापलीकडची दारं उघडल्याची वर्दी मिळते. मागून पांढरा येतो, मग पिवळ्यांचे घोळके. हे पिवळे धोबी हिवाळ्यात फारसे पिवळे नसतात. कोवळे पक्षी तर मातकट, पोटाला जेमतेम पिवळसर झाक असलेले. नवखा माणूस ‘पिवळे धोबी, बरेच’ असं लिहून पुढे सरकतो. पण ज्याने ते चेहरे अनेक हिवाळे पाहिले आहेत त्याची नजर घोळक्यातल्या एकावर अडते. याची पाठ तपकिरी नाही, राखी आहे. पंखावर दोन पांढरे पट्टे उठून दिसतात. आणि भुवईची फिकट रेघ डोळ्यामागे संपत नाही. ती गालाला वळसा घालून खाली येते, गालाभोवती पुरं कडं करते. हा पिवळ्या डोक्याचा धोबी. डोकं पिवळं व्हायला वेळ आहे, त्यामुळे नावावरून तो या दिवसांत ओळखू येणार नाही. ते कडं पाहूनच ओळखायचा. पिवळा धोबी ज्याला शंभर वेगवेगळ्या उजेडांत माहीत नाही त्याच्यासमोर हा दुसरा दिवसभर चरला तरी तो त्याला दिसणार नाही.

नजरेआधी कान तयार होतो, हेही नेहमीच्या जागीच कळतं. ऑक्टोबर लागला की टेकडीवरच्या करवंदीच्या जाळीतून, सोसायटीच्या कुंपणातून, बोगनवेलीतून एक कोरडा ‘चक्... चक्’ आवाज यायला लागतो. दोन गारगोट्या हलकेच एकमेकींवर आपटाव्यात तसा. आवाज करणारा बाहेर येत नाही. तासभर उभं राहिलं तर पानांआड एक मातकट, निमुळत्या चोचीचा, कुठलीच खूण नसलेला पक्षी ओझरता दिसतो. हा ब्लिथचा वटवट्या. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून आलेला हा एवढासा जीव हिवाळाभर त्याच कुंपणात राहतो. वर झाडाच्या शेंड्यात ‘चिस्विट, चिस्विट’ करणारा हिरवट वटवट्या वेगळा. त्याच्या पंखावर एक बारीक फिकट रेघ असते, पण ती दिसेपर्यंत मान अवघडते. आवाज मात्र पहाटेपासून कानावर पडत असतो. वटवट्यांच्या वाटेला नवे लोक जात नाहीत, सगळे सारखेच दिसतात म्हणून सोडून देतात. माझा आग्रह आहे की त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. रंगीत पक्षी स्वतःहून ओळख देतो. स्वर्गीय नर्तक सिंहगडच्या दरीत लांब पांढऱ्या फिती हलवत समोरून गेला की पुस्तक उघडावं लागत नाही. हिवाळ्यात तिथेच ओढ्याकाठी नीलांग माशीमार दिसतो, तोही लपत नाही. वटवट्या मात्र आपल्याकडून पाहण्याची शिस्त करून घेतो: चोच, भुवई, पंखावरची रेघ, पायांचा रंग, आणि सगळ्यांत आधी आवाज.

साधनांबद्दल थोडक्यात. आठ पट मोठं दाखवणारी, हातात न थरथरणारी दुर्बीण पुरते. मोठ्या लेन्सचा कॅमेरा नसला तरी चालतो. सुरुवातीला नसलेला बरा, कारण फोटो घेण्याच्या नादात पाहणं राहून जातं. वही मात्र हवीच. सालिम अलींचं ‘बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ मध्ये आलं आणि त्यावर कित्येक पिढ्या वाढल्या. मराठीत मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ आहे. या पुस्तकात मी नावं शक्यतो पक्षिमित्रांच्या बोलण्यात रुळलेली वापरली आहेत आणि जिथे तसं नाव नाही तिथे वर्णन केलं आहे.

सालिम अलींचं नाव निघालं की दूरच्या मोहिमा आठवतात. मला त्यांचं किहीमचं काम अधिक जवळचं वाटतं. नोकरी गेलेली होती, मुक्काम अलिबागजवळच्या किहीमला होता, आणि तिथे घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. त्यांनी ती दिवसेंदिवस नुसती पाहिली. नर घरटी विणायला घेतो, अर्ध्यावर आणतो, माद्या येऊन पाहणी करतात, एखादीला पसंत पडलं की ती आत शिरते. नर ते घरटं पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे सगळं त्यांनी १९३१ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं. खेड्यापाड्यांत हजारो वर्षं विहिरींवर लटकलेली ती घरटी कोणी पाहिली नव्हती असं नाही. एका झाडासमोर इतका वेळ बसलेलं कोणी नव्हतं. अशा बसण्यातून जे नवं हाती लागतं त्याला नव्या जातीइतकंच मोल आहे.

नव्या जातीचीही एक गोष्ट पुण्याशी बांधलेली आहे. रमण अत्रेय हे व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ, त्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात काम करणारे. पक्षी हा त्यांचा छंद. अरुणाचल प्रदेशातल्या ईगलनेस्टच्या जंगलात १९९५ साली त्यांना एक पक्षी ओझरता दिसला जो कुठल्याच पुस्तकातल्या चित्राशी जुळेना. ते परत परत तिथे जात राहिले. दहा वर्षांनी तो पुन्हा दिसला आणि २००६ मध्ये तो शास्त्राला नवा म्हणून जाहीर झाला: बुगुन लिओसिक्ला, तिथल्या बुगुन लोकांच्या नावावरून. स्वतंत्र भारतात अशी घटना इतकी विरळ की देशभर तिची बातमी झाली. मला त्यातला एक निर्णय फार मोठा वाटतो. नवी जात जाहीर करायची तर पक्षी मारून त्याचा नमुना संग्रहालयात ठेवायची रीत होती. अत्रेय यांना तिथे थोडकेच पक्षी आढळले होते. त्यांतला एक मारणं त्यांना पटलं नाही. जाळ्यात धरलेल्या पक्ष्याची मोजमापं आणि फोटो घेतले, गळालेली काही पिसं ठेवली आणि पक्षी सोडून दिला. पिसं, फोटो, आवाजाचं ध्वनिमुद्रण आणि बारकाईने लिहिलेलं वर्णन यांच्या बळावर ती जात उभी राहिली. म्हणजे नोंद पुरेशी चोख असेल तर ती नमुन्याची जागा घेऊ शकते.

आणि नोंद खोटी असेल तर काय होतं, त्याचीही गोष्ट आपल्याच खानदेशातली आहे. ती जरा सविस्तर सांगतो, कारण प्रत्येक नव्या पक्षिनिरीक्षकाने ती ऐकावी असं मला वाटतं.

रानपिंगळा हे छोटं घुबड १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी शास्त्राला ओळख करून दिलं. त्यानंतर काही वर्षं त्याचे मोजके नमुने मिळाले. शेवटचे खानदेशातून, १८८४ मध्ये, जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने गोळा केलेले. मग तो नाहीसा झाला. जगभरच्या संग्रहालयांत सात कातडी उरली. एक नमुना असा होता ज्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतल्या मांडवीचं नाव होतं. तो रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला. पक्षी शोधणारे त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून गुजरातेत फिरले आणि रिकाम्या हाताने परतले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञाने संग्रहालयांतल्या नमुन्यांची तपासणी केली तेव्हा उघड झालं की माइनर्ट्‌झहागेन याने हा नमुना चोरला होता. डेव्हिडसनने १८८४ मध्ये गोळा केलेलाच पक्षी उचलून, पुन्हा भरून, त्यावर स्वतःचं साल आणि स्वतःचं गाव लावलेलं होतं. ती चिठ्ठी बाजूला सारल्यावर वाट सरळ झाली. खऱ्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर जी ठिकाणं होती तिथेच शोधायचं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचले, आणि २५ नोव्हेंबरच्या सकाळी रानपिंगळा एका निष्पर्ण झाडावर भर उजेडात बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. आता तो मेळघाटात, तोरणमाळला, यावलला माहीत आहे, आणि २०१४ मध्ये तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या जंगलातही सापडला.

एका चिठ्ठीवरचं खोटं गाव आणि खोटं साल यांनी शोधणाऱ्यांना कुठल्या कुठे नेलं! म्हणून वहीत लिहिताना तारीख, वेळ, जागा आणि ‘नक्की’ की ‘बहुधा’, हे चार तपशील मी सोडत नाही. जो पक्षी पुरता पाहिला नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह राहू द्यावं. संध्याकाळच्या उजेडात माळावरून सरकत गेलेली भोवत्याची मादी मॉन्टेग्यूची की फिकट भोवत्याची, हे कळलं नसेल तर ‘भोवत्या, मादी’ एवढंच लिहावं. यादीत एक आकडा कमी होईल, पण उद्या कोणी ती वही उघडली तर ती त्याला चुकीच्या गावी नेणार नाही.

ती वही खरोखर कोणीतरी उघडतं, हा गेल्या काही वर्षांतला मोठा बदल आहे. पूर्वी हौशी माणसाच्या वह्या माळ्यावर जात. आता ई-बर्डसारख्या ऑनलाइन सोयीमुळे गल्लीतल्या अर्ध्या तासाची यादीसुद्धा देशाच्या हिशेबात जमा होते. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३ च्या अहवालामागे ३० हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटींच्या आसपास नोंदी होत्या आणि त्यावरून ९४२ जातींचा अंदाज बांधला गेला. त्यांतले बहुसंख्य लोक नोकऱ्या, शाळा, दुकानं, घर सांभाळून रविवारी बाहेर पडणारे. या कामात दुर्मीळ पक्ष्याच्या एका नोंदीपेक्षा साध्या पुऱ्या यादीला किंमत अधिक. किती वेळ फिरलो, किती चाललो आणि ओळखलेले सगळेच्या सगळे पक्षी लिहिले की नाही, हे सांगितलं की जे दिसले नाहीत त्यांचीही नोंद आपोआप होते. चिमणी नाही, साळुंकी नाही, नीलपंख नाही. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख पूर्वी शेताशेताच्या तारांवर असे. देशभरात त्याची संख्या तीस टक्क्यांहून अधिक घटली आहे, हे त्याच अहवालात निघालं. एखाद्या तज्ज्ञाच्या मोहिमेत हे कळलं नसतं. तारांवर नीलपंख होता की नव्हता हे लिहीत राहिलेल्या हजारो साध्या याद्यांनी ते सांगितलं.

माळरानाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, आणि या पुस्तकात त्याला सगळ्यांत जास्त पानं गेली आहेत. दिवे घाट चढून गेलं की पावसाची धार तुटते आणि कुसळी गवताचा मुलूख सुरू होतो. सासवड, मोरगाव, सुपे. उन्हाळ्यात इथे पाहणाऱ्याला काहीच नाही असं वाटतं: पिवळं गवत, दगड, दूर एखादं बोरीचं झुडूप, धनगरांच्या मेंढ्या. सकाळी लवकर, सूर्य अंगावर येण्याआधी, जमिनीच्या उंचीवरून नजर फिरवावी. मातीचा एक तुकडा पळतो, थांबतो, ताठ उभा राहतो. डोळ्यावरून गेलेली काळीपांढरी रेघ, तांबूस छाती, पांढरे उंच पाय. हा धाविक. तो पुन्हा पळतो, वाकून काहीतरी टिपतो, आणि थांबला की पुन्हा माती होतो. त्याचं घरटं म्हणजे उघडी जमीन. काडी नाही, पीस नाही, दोनतीन ठिपकेदार अंडी ढेकळांत ठेवलेली. पखुर्ड्या पाण्यावर जाताना डोक्यावरून ओरडत जातात. डोंबारी हवेत वर चढून शीळ घालत खाली कोसळतो आणि जमिनीला लागण्याआधी पुन्हा सावरतो. हिवाळ्यात भोवत्ये येतात, दिवसभर गवतावरून तरंगत शिकार करतात आणि संध्याकाळी त्याच गवतात जमिनीवर मुक्कामाला उतरतात. साईक्सचा चंडोल इथलाच, द्वीपकल्पाबाहेर तो सापडत नाही.

या जमिनीला सरकारी दफ्तरात पडीक म्हणतात. पडीक म्हटलं की तिच्यावर काहीही करायला मोकळीक. एक तर प्लॉट पडतात, नाही तर चांगल्या मनाने झाडं लावली जातात. झाडं लावणं पुण्याचं काम आहे असं आपल्या मनावर इतकं ठसलं आहे की गवताळ माळावर खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावणं म्हणजे तिथल्या धाविकाला, चंडोलाला, चिंकाऱ्याला आणि लांडग्याला हुसकावणं आहे, हे सांगितलेलं लोकांना पटत नाही. मला त्याचा मनापासून संताप येतो. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य ५.१४ चौरस किलोमीटरचं आहे. माळाचे पक्षी त्याची हद्द ओळखत नाहीत, ते भोवतीच्या गायरानांवर आणि पडीक रानांवर जगतात. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं, माळढोकाच्या नावाने झालं, आणि आज सोलापूरच्या माळावर माळढोक दिसणं हे नशिबाच्याही पलीकडे गेलं आहे. गवताचं रान वाचवायचं तर ते आधी गवत म्हणून पाहायला हवं, आणि ते बघायला पक्ष्यांइतका चांगला वाटाड्या नाही. धनगर मुलांना हे सांगावं लागत नाही. टिटवीची अंडी कुठे आहेत हे त्यांना ठाऊक असतं आणि कळप ती जागा टाळून नेला जातो.

पुस्तकाच्या रचनेबद्दल. प्रत्येक जागेचं एक प्रकरण आहे, त्यात नोंदी महिन्यांप्रमाणे लावल्या आहेत आणि सुरुवात जूनपासून आहे. तुऱ्याचा काळापांढरा चातक मृगाच्या आगेमागे माळावर येतो, सातभाईच्या घरट्यात अंडी घालण्याच्या खटपटीला लागतो, तिथून आपल्याकडे पक्ष्यांचं वर्ष सुरू होतं असं मी धरतो. भोरड्यांचे थवे ऑगस्टमध्ये, बदकं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. उजनीचं पाणी ओसरून गाळ उघडा पडला की भिगवणला रोहित, फेब्रुवारी-मार्च त्यांचाच. कुंभारगाव-डिकसळच्या ज्या मच्छीमारांच्या होडीतून आपण ते पाहतो त्यांच्याकडून अंतर राखण्याचा धडा घ्यावा. थवा माना वर करून चालू लागला की ते वल्हं थांबवतात.

घरट्यांच्या जागा या पुस्तकात कुठेही दिलेल्या नाहीत. घुबडांच्या ढोली, भोवत्यांच्या मुक्कामाची गवतं, धाविकाच्या विणीची रानं, हेही गाळलं आहे. एका घरट्याचा पत्ता फुटला की दुसऱ्या दिवशी तिथे गाड्या उभ्या राहतात, आड येणारी फांदी कापली जाते आणि उन्हात उघडी पडलेली पिल्लं मरतात. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढण्याबद्दलही माझं मत तेच आहे. विणीच्या दिवसांत तो नर प्रतिस्पर्धी समजून स्वतःला थकवतो. नवरंग वेताळ टेकडीवर जूनच्या तोंडाला आपणहून दोन सुरांची शीळ घालतो. थोडं थांबलं की ती ऐकू येते.

प्रत्येक जागेच्या प्रकरणाला शेवटी एक छोटी यादी जोडली आहे: तिथे असू शकतील, पण मला अजून दिसलेले नाहीत अशा पक्ष्यांची. ती तयार करताना जुन्या नोंदी, शेजारच्या तालुक्यांतल्या नोंदी आणि जागेचा पोत एवढंच पाहिलं आहे. सुप्याच्या यादीत पहिलं नाव तणमोराचं आहे. पावसाळ्यात हातभर वाढलेल्या गवतातून उंच उड्या मारून मादीला बोलावणारा हा छोटा माळपक्षी एके काळी दख्खनच्या गवतात येत असे. जुलै-ऑगस्टात पाऊस उघडल्यावर, सकाळी सातच्या सुमाराला उंचवट्यावर बसून गवताच्या शेंड्यांवर नजर ठेवावी लागते. कोणाला तो दिसला तर तारीख, वेळ आणि किती उड्या मोजल्या ते लिहून ठेवावं, आणि जागा फक्त अभ्यासकांना कळवावी.